भाकरीशिवायचं भरलेलं ताट

वर्धा जिल्ह्यात ताट वाढताना आधी पोळी नाहीतर भाकर येते आणि शेवटी भात. वरण, भाजी, चटणी, कढी हे सगळं या दोघांच्या मधलं, तोंडी लावायचं. त्यामुळे घरातल्या कुणाला डॉक्टरांनी काही दिवस धान्य बंद करायला सांगितलं, किंवा कुणी साखर आणि वजनासाठी स्वतःहून तसं ठरवलं, की सगळं घर गोंधळून जातं. मग खायचं काय? उत्तर बहुधा उपवासाच्या डब्यात शोधलं जातं. सकाळी साबुदाणा, दुपारी भगर, रात्री आलूची भाजी. पंधरा दिवसांत पोट बिघडतं, साखर होती तिथंच राहते, अशक्तपणा येतो आणि माणूस वैतागून पुन्हा पोळीवर येतो.

दोष धान्य सोडण्यात नसतो. भाकरीनं रिकामी केलेली जागा चुकीच्या पदार्थानं भरली गेलेली असते. ती नीट कशी भरायची, हे या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आपल्या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पिकतं: तूर, हरभरा, सोयाबीन, जवस, तीळ, भाजीपाला. आपल्या घरच्या स्वयंपाकातही ते पूर्वीपासून आहे. तोंडी लावण्याचे पदार्थ आता पोटभरीचे करायचे आहेत.

आधी कारण नक्की करा

धान्य का सोडायचं, याचं उत्तर आधी स्पष्ट हवं, कारण त्यावर ताट बदलतं.

सीलिॲक आजार असेल तर त्रास ग्लुटेनचा असतो. ते गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. अशा माणसानं पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटं कटाक्षानं टाळायची. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका त्याला चालतात, म्हणून सरसकट सगळं धान्य सोडायची गरज नाही. शंका असेल तर आधी रक्ततपासणी करून घ्या आणि ती होईपर्यंत गहू खाणं सुरूच ठेवा. गहू आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही.

मधुमेहासाठी धान्य कमी करणार असाल तर पहिलं पाऊल स्वयंपाकघराआधी डॉक्टरांकडे टाका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना अचानक पोळी-भात बंद केला तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. औषधाचा डोस आहारासोबत बदलावा लागतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्या जिल्ह्यातच आहेत. तिथं दाखवायला जाल तेव्हा औषधासोबत जेवणाबद्दलही विचारा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीच्या वयातली मुलं आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी हा प्रयोग मनानं करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळी, शेंगदाणे आणि पालेभाज्या मोजूनच घ्याव्या लागतात. धान्याविना आहार मात्र नेमका याच तीन गोष्टींवर उभा राहतो.

कोणतं सोडायचं, कोणतं ठेवायचं

गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी ही सगळी गवताच्या कुळातली तृणधान्यं. सोडायची ती ही. भगर उपवासाला चालते म्हणून आपण तिला वेगळं समजतो, पण तीही तृणधान्यच आहे. पोहे, मुरमुरे, रवा, शेवया, कुरडया ही याच धान्यांची रूपं. हिवाळ्यातला ज्वारीचा हुरडाही यातच आला.

राजगिरा आणि शिंगाडा या कुळात बसत नाहीत. राजगिरा माठाच्या जातीच्या झाडाचं बी आहे, शिंगाडा तलावातलं फळ आहे. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तिन्ही धान्य नाहीत, पण तिन्हींचं काम सारखं नाही. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि पिठाला पोळीसारखा आकारही देता येतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरतीही नाहीत. कारण ग्लुटेन असेल तर साबुदाण्यानं काही बिघडत नाही. कारण साखर असेल तर पोळीऐवजी साबुदाण्याची खिचडी खाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आलू आणि रताळ्यांनाही तोच नियम लावा: भाजी म्हणून थोडं घ्या, त्यावर पोट भरू नका.

परदेशातल्या काही आहारपद्धती धान्यासोबत डाळीही वर्ज्य करतात. ज्यांच्या ताटात रोज मांस-मासळी असते त्यांना ते जमतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरात डाळ सोडली तर प्रथिनांसाठी फारसं काही उरतच नाही. म्हणून या लेखात कडधान्यं आणि डाळी ताटात आहेत, आणि मध्यभागी आहेत.

मगनवाडीत झालेले प्रयोग

आहाराचे प्रयोग वर्ध्याला नवे नाहीत. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, १९३६ साली राहायला जाण्याआधी गांधीजींचा मुक्काम याच मगनवाडीत होता. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात १९३५ साली सोयाबीन शिजवून खाऊन पाहिलं गेलं. आपण फेकून देतो तो मुळ्याचा आणि गाजराचा पाला माणसानं खावा, यावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं. हातसडीचा तांदूळ, लाकडी घाणीचं तेल, गूळ यांचा आग्रह इथूनच धरला गेला.

त्याआधी स्वतः गांधीजींनी बरीच वर्षं धान्य वर्ज्य करून फळं आणि शेंगदाण्यांवर काढली होती. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू एवढाच होता. ते लोणी प्रमाणाबाहेर खाल्लं गेलं आणि त्यातून आमांशाला सुरुवात झाली, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. दुखणं इतकं वाढलं की जगण्याची आशा उरली नव्हती. दूध न घेण्याचं व्रत असल्यामुळे शेवटी बकरीचं दूध घेऊन प्रकृती सावरावी लागली. पुढं १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये 'आरोग्याची किल्ली' लिहिताना त्यांनी बैठं काम करणाऱ्याचा रोजचा आहार मांडला. त्यात धान्य आहे, पण फक्त ६ औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. सोबत २ पौंड गाईचं दूध आणि पालेभाजी, इतर भाजी, कच्ची भाजी मिळून ९ औंस.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही फार वेगळं सांगत नाहीत. दिवसाच्या एकूण ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांहून जास्त नको आणि अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं, असं त्यांचं म्हणणं आहे. दोन्हींतून आपल्याला घ्यायचं ते एवढंच: धान्य कमी करता येतं, पण एका पदार्थाच्या जागी दुसरा एकच पदार्थ आणून भागत नाही. तिथं चार पदार्थ यावे लागतात.

दोन भाकरींचा हिशेब

मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकरींना साधारण १२० ग्रॅम पीठ लागतं. त्यातून सुमारे ४०० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. नुसती भाकर काढून तेवढीच भाजी आणि वाटीभर वरण खाल्लं तर चार वाजता भूक लागणारच. मग हात फरसाणाच्या डब्याकडे जातो आणि दोष आपल्या निग्रहाला दिला जातो.

आता त्या जागी हे ठेवा: ६० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीची पाटोडी किंवा गोळे, ३० ग्रॅम शेंगदाणे, वाटीभर दही. कॅलरी साधारण तेवढ्याच, किंचित जास्त. प्रथिनं मात्र दुप्पट, सुमारे २५ ग्रॅम. पचायला वेळ लागतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोट साथ देतं. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. अशा दोन जेवणांत ती पूर्ण होतात.

एक गोष्ट इथं नीट समजून घ्या. डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन हा घटक कमी पडतो. धान्यात तो असतो, म्हणून वरण-भात आणि वरण-पोळी एकमेकांची उणीव भरून काढतात. धान्य गेलं की डाळीचा हा जोडीदार जातो. त्याच्या जागी तीळ, दूध-दही किंवा अंडं आणा. तिळात मेथिओनिन चांगलं असतं. डाळीच्या पदार्थासोबत तिळाची चटणी किंवा ताक हवंच, हा नियम घरात करून टाका. मासे-मटण खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं होतं.

घरात काय भरून ठेवायचं

तूर, हरभरा, मूग, उडीद, बरबटी, मटकी. तीळ, जवस, शेंगदाणे, खोबरं. दही, ताक, अंडी. राजगिऱ्याचं पीठ थोडंसं. एवढ्यावर महिना निघतो.

बेसन बाजारातून सुटं आणण्याऐवजी हरभऱ्याची डाळ चक्कीवर दळून आणा. सुट्या बेसनात लाखोळी डाळीची भेसळ होते. लाखोळी विदर्भात पूर्वापार खाल्ली जाते. कधीमधी खाल्ली तर भीती नाही, पण तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर तिच्यातल्या विषारी घटकानं पायांतली शक्ती कायमची जाऊ शकते. धान्य सोडलेल्या माणसाच्या पोटात डाळ नेहमीपेक्षा जास्त जाते, म्हणून त्यानं लाखोळी टाळावी.

सीलिॲकच्या रुग्णासाठी चक्कीवरचं पीठही धोक्याचं, कारण त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. त्यांनी डाळ निवडून, पुसून घरच्या मिक्सरवर बारीक करावी आणि चाळून घ्यावी. हिंगाच्या डबीवरची घटकांची यादीही वाचावी. बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो.

शेतकऱ्यांच्या घरातलं सोयाबीन बहुधा पोत्यांतून थेट बाजार समितीत जातं, चुलीपर्यंत येतच नाही. त्यात ३६ टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. पण ते कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये, प्रथिनं पचू न देणारा घटक त्यात असतो. रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा, पाणी फेका आणि नव्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. मग इतर उसळीसारखी फोडणी द्या. सुरुवातीला मटकीत पाव हिस्सा मिसळलं तर चव खटकत नाही.

हळद आपल्याच वायगावची असू द्या. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तिचा रंग आणि वास पाटोडीच्या रश्शात लगेच कळतो.

पाटोडी रस्सा, सावकाश आणि नीट

धान्याविना जेवणातला हा सगळ्यात भरवशाचा पदार्थ, म्हणून जरा बारकाईनं सांगते. दोन माणसांसाठी एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम बेसन घ्या. दोन वाट्या पाण्यात ते हळद, तिखट, मीठ घालून गुठळी न राहू देता कालवून ठेवा. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल तापवा. जिरं, ओवा आणि लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा त्यात परता. आच मंद करून कालवलेलं बेसन ओता आणि हात न थांबवता ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत ते आळतं आणि कढईच्या कडा सोडायला लागतं. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. बोटाला पाणी लावून गोळ्याला टेकवून पाहा. चिकटलं नाही तर शिजलं.

तेल लावलेल्या थाळीवर ते गरम असतानाच अर्ध्या बोटाच्या जाडीनं थापा. वरून किसलेलं सुकं खोबरं, भाजलेली खसखस आणि बारीक चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, दाबून बसवा. निवल्यावर वड्या कापा.

रश्शासाठी कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळसर भाजून घ्या. लसूण, आलं, खसखस, धने घालून बारीक वाटा. तेलात हे वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, तिखट-हळद-गरम मसाला घाला आणि गरम पाणी ओतून दहा मिनिटं उकळा. वाटण नीट परतलं नाही तर रस्सा कच्चा लागतो, तिथं घाई करू नका. वड्या ताटात वाढतानाच रश्शात सोडा. आधी घातल्या तर त्या रस्सा पितात आणि फुटतात. सोबत कच्चा कांदा, लिंबू आणि वाटीभर ताक. अशा ताटात भाकर आठवत नाही.

आणखी चार आधार

*कढीगोळे.* एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून लसूण, मिरची, जिरं, हळद, मीठ घालून भरड वाटा. वाटताना पाणी घालू नका. ताकात चमचाभर बेसन लावून कढी उकळत ठेवा आणि आधी एकच गोळा सोडून पाहा. तो फुटला तर उरलेल्या वाटणात थोडं बेसन मिसळा. बाकीचे गोळे सोडून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. उन्हाळ्यात डाळ तीन तासांपेक्षा जास्त भिजवू नका, मे महिन्यात आपल्याकडे ती आंबायला वेळ लागत नाही.

*मुगाचं धिरडं.* घास तोडायला हाताला काहीतरी लागतं, ही सवय एकदम जात नाही. त्यासाठी धिरडं. हिरवे मूग सहा तास भिजवून आलं-मिरची घालून वाटा, तांदूळ अजिबात घालू नका. किसलेला दुधी किंवा कोहळं, म्हणजे लाल भोपळा, मिसळा. लोखंडी तव्यावर जाडसर पसरवा, झाकण ठेवा आणि कडा सुटल्यावरच उलटा. भरतासोबत, भाजीसोबत, डब्यातही चांगलं राहतं.

*डाळभाजी.* लग्नाच्या पंगतीत आपण ती भातावर घेतो. घरी तूर आणि हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि डाळीच्या दुप्पट पालक घालून घट्ट करा. वर लसूण-लाल मिरचीची फोडणी. मोठी वाटीभर घेतली की ती स्वतःच जेवण होते.

*जवसाची चटणी.* जवस कोरडं भाजा, तडतडायला लागलं की उतरवा. गार झाल्यावर सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. अख्खं जवस तसंच पोटातून निघून जातं, कुटलं तरच अंगी लागतं. त्यात ओमेगा-३ प्रकारचं तेल असतं आणि उष्णतेनं ते लवकर खवट होतं, म्हणून आठवडा पुरेल एवढीच करा. रोज एक-दोन चमचे पुरे, आणि वर पाणी भरपूर.

बाजार सांगेल तसं ताट

हा आहार वर्षभर एकाच यादीवर चालवला तर कंटाळा हमखास येतो. आपल्या आठवडी बाजारात दर दोन महिन्यांनी पाट्यांमधला माल बदलतो. त्याच्या मागं जा.

हिवाळा सगळ्यात सोपा. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्यांचे सोले थोड्या तेलावर भाजून लसूण-मिरची-सांभारासोबत भरड वाटा आणि पातळ आमटी करा, किंवा वांग्यात घाला. पोपटीच्या शेंगा, मटार, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, गाजर, मुळा पाल्यासकट. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत शेंगदाण्याच्या कुटासोबत. फुलकोबी स्वस्त असते तेव्हा किसून, मीठ-जिऱ्यावर दोन मिनिटं परतून भातासारखी वरणाखाली घ्या.

उन्हाळ्यात चिवळ. मुगाच्या भिजवलेल्या डाळीसोबत किंवा बेसन पेरून ती होते आणि उन्हात जड पडत नाही. कैरीचं पन्हं बिनसाखरेचं, फक्त मीठ-जिऱ्याचं. दही-ताक दोन्ही वेळा. याच दिवसांत मूगवड्या घालून ठेवा आणि हिवाळ्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी जपून ठेवा, पावसाळ्यात भाज्या महागतात तेव्हा त्या उपयोगी पडतात.

पावसाळ्यात तरोटा, कुंजर, काटवलं, अंबाडी अशा रानातल्या आणि बांधावरच्या भाज्या येतात. मुनग्याचा पाला तर दारातच असतो. पाला धुऊन, चिरून मूग डाळीत घाला. रानभाजी ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि पाण्यानं तीनदा धुवा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी चिवळ आणि पालक आठवड्यातून एखाद्या वेळेपुरतेच ठेवावेत.

दिवसभराचं एक ताट

सकाळी मुगाची दोन धिरडी, तिळाची चटणी, दूध किंवा ताक. अंडी खाणाऱ्यांनी दोन अंड्यांचं कांदा-टमाटर घातलेलं ऑम्लेट.

दुपारी कढीगोळे किंवा पाटोडी रस्सा, एक पालेभाजी, काकडी-गाजराची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर.

चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एखादं फळ. सीताफळ, पेरू, कारंजा-आष्टीकडची संत्री, जे हंगामात असेल ते. साखरेच्या रुग्णानं केळं अर्धंच घ्यावं.

रात्री घट्ट डाळभाजी, भरीत, जवसाची चटणी, वाटीभर दही. किंवा पनीर, मासळीची आमटी असं काहीही.

अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना हे प्रमाण पुरणार नाही. कापूस वेचायला किंवा निंदायला दिवसभर वावरात असणाऱ्या बाईनं दीडपट घ्यावं, डब्यात शेंगदाणे-गूळ आणि खोबरं जास्तीचं ठेवावं. तिला आजारामुळे धान्य वर्ज्य नसेल तर निदान एक भाकर सोडू नये, असंच मी सांगेन.

खर्च आणि घरातली माणसं

हा आहार महाग पडतो, हे आधीच मान्य करू. रेशनचा तांदूळ-गहू जवळजवळ फुकट मिळतो, डाळ विकत आणावी लागते. त्यावर दोन उपाय. घरची तूर असेल तर सगळी विकू नका, वर्षाची डाळ काढून ठेवा. नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल बाजारात येतो तेव्हा, अख्खा हरभरा आणि तूर भरून ठेवा. बदामाचं पीठ आणि डब्यातली तयार 'कीटो' पिठं यांवर पैसे घालवू नका. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

घरात एकासाठी वेगळा आणि बाकीच्यांसाठी वेगळा स्वयंपाक रोज झेपत नाही, आणि तो भार बहुतेक वेळा घरच्या बाईवरच पडतो. म्हणून डाळ, भाजी, कढी, चटणी सगळ्यांसाठी एकच आणि भरपूर करा. ज्यांना हवी त्यांच्यासाठी पोळ्या वेगळ्या. वाढताना ज्याचं धान्य बंद आहे त्याला डाळीची वाटी मोठी द्या. लग्नाच्या पंगतीतही हेच धोरण ठेवा. डाळभाजी, कढी, कोशिंबीर, वांग्याची भाजी दोनदा मागून घ्या, पुरी आणि भाताला नम्रपणे नको म्हणा. आग्रह करणाऱ्याला "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं.

शरीर काय सांगतं, ते ऐका

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, थकवा वाटतो, पोट साफ होत नाही. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, दोन्ही वेळा पालेभाजी आणि मीठ-लिंबू घातलेलं ताक यांनी बहुतेकांचा त्रास जातो. रक्तदाब असलेल्यांनी जास्तीचं मीठ घेऊ नये. डाळींनी गॅस होत असेल तर भिजवण्याचं पाणी फेकून द्या, मूग जास्त आणि हरभरा कमी करा, फोडणीत ओवा-हिंग घाला. दूध आणि अंडी दोन्ही न खाणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते डाळीत किंवा भाजीत मिळत नाही.

मधुमेह असेल तर पाटोडीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, दुसऱ्या दिवशी राजगिऱ्याच्या भाकरीनंतर तपासा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. डाळीतही कर्बोदकं असतात, ती कुणाला किती मानवतात हे त्या आकड्यांवरूनच कळतं. चक्कर, सतत थकवा, केस गळणं किंवा वजन झपाट्यानं उतरणं यांपैकी काही दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात कशी करावी

सगळं एका दिवसात बदलू नका. पहिला आठवडा फक्त रात्रीचं जेवण धान्याविना करा. तेवढ्या दिवसांत पाटोडी, कढीगोळे आणि धिरडं हे तीन पदार्थ हाताला बसवून घ्या. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं खाणं बदला. दुपारची पोळी सगळ्यात शेवटी सोडा, आणि तीही खरोखर सोडायची गरज असेल तरच. ज्यांना आजार नाही, फक्त हलकं आणि चांगलं खायचं आहे, त्यांना दिवसातलं एक जेवण असं पुरेसं आहे. तीन महिन्यांनी वजन, साखर, हिमोग्लोबिन पाहा आणि पुढं काय करायचं ते त्यावरून ठरवा.

येत्या बाजाराच्या दिवशी पिशवीत दोन किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो जवस, अर्धा किलो तीळ आणि जी हाती लागेल ती ताजी पालेभाजी आणा. पहिल्या आठवड्याची सुरुवात करायला एवढं पुरेल.